कोंबड्याच्या ठशाचे चमचे

सन १९२६, मार्च महिन्याची सहा तारीख, शनिवार, दुपारचे तीन. रक्कम ब्याण्णव रुपये, रोख. हजर असामी: माझे मामा, मी, लिलाव पुकारणारा, बंगल्यावरचा खानसामा आणि सामानाचा मालक साहेब. हे मी त्याच दिवशी टिपून ठेवलं होतं, कारण मामांच्या कोणत्याही व्यवहाराबद्दल मागाहून दोन मतं होतात असा माझा अनुभव होता. या वेळच्या चुकीत निम्मा वाटा माझा असेल, हे मात्र टिपताना ठाऊक नव्हतं.

खामगावात कापूस घेणाऱ्या परदेशी कंपन्यांचे साहेब येत, दोन-चार हंगाम काढत आणि निघून जात. जाताना घरातलं सामान लिलावात काढत. या साहेबाला बाजारात फ्रेंच साहेब म्हणत. मामा एका वकिलांकडे कारकून होते, वय अठ्ठावन्न. ते लिलावाला गेले ते वेताची एक खुर्ची घ्यायला. दिवसभर बाकावर बसून पाठ धरते, तेव्हा त्यांची मागणी रास्त होती. मला नेलं ते हिशोबासाठी. मी तहसील कचेरीत कारकून. त्रैराशिक तोंडी सोडवतो अशी माझी गावात ख्याती होती, आणि ती मामांनीच पसरवली होती.

खुर्ची राहिली बाजूला. मेजावर एक लाकडी पेटी उघडी होती. वरच्या खणात हिरव्या बनातीवर बारा मोठे चमचे आणि बारा काटे, खालच्या खणात बारा लहान चमचे आणि एक मोठा डाव. मामांनी एक चमचा उचलला, उलटा केला आणि माझ्या कानाशी आले.

"अबे, हे पाह्य. मांगं आकडा हाय."

दांड्याच्या मागच्या बाजूला तिळाएवढ्या चौकोनात दोन इंग्रजी अक्षरं, त्यांच्या मधे काहीतरी चित्र, आणि शेजारी आकडा: ८४. चित्र मामांना मोरासारखं दिसलं. मला ते डागासारखं दिसलं. आकडा मात्र मला स्वच्छ दिसला.

आता खामगावच्या माणसाला चांदीवर आकडा दाखवा, तो दुसरा कसला विचारच करणार नाही. आमच्याकडे चांदीचा टंच सांगतात, म्हणजे शंभरात खरी चांदी किती आणि भेसळ किती. ८४ म्हणजे चौऱ्याऐंशी टंच. मी आणखी एक काटा उलटा करून पाहिला. तिथेही ८४. झालं, खात्री पटली. कापसाच्या बाजारात गाठीतून एक मूठ उपसतात, बोटांवर धागा ओढून पाहतात आणि शंभर गाठींचा भाव ठरतो. मीही तेवढंच केलं. खालच्या खणातला एकही चमचा मी उचलून पाहिला नाही, हे आज लिहितानाही बरं वाटत नाही.

व्हरांड्यात कापसाचे नमुने तोलायचा काटा होता. खानसाम्याने हसत हसत सगळा ऐवज त्यावर ठेवू दिला. तो का हसत होता ते आम्ही विचारलं नाही. वजन भरलं एकशे अठ्ठ्याण्णव तोळे. त्यात चौऱ्याऐंशी टंचाने खरी चांदी एकशे सहासष्ट तोळे आणि वर थोडी. त्या आठवड्यात चांदीचा भाव शंभर तोळ्यांना सत्तर रुपये. किंमत एकशे सोळा रुपये पावणेसात आणे.

"मामा, एकशे सोळाच्या आत कितीही बोला," मी म्हणालो.

मामांनी ब्याण्णवला पेटी घेतली. लिलावाला गावातले दोन सराफही आले होते. ते चाळीसच्या पुढे बोललेच नाहीत. परत येताना मामा म्हणाले, "सराफ लोकाईले सायबाच्या वस्तूची पारख नाही." मी मान डोलावली.

इथवर बिघडलं ते ब्याण्णव रुपयांपुरतं होतं. पण मामा बंगल्यावरून निघाले ते घरी न जाता थेट रामाच्या देवळात गेले. दिवेलागणीला तिथे पंच बसलेले असत. रामाच्या मूर्तीमागची पितळी प्रभावळ जुनी झाली होती आणि नव्या प्रभावळीची चर्चा दोन वर्षं चालली होती. मामांनी पेटी मांडीवर ठेवली आणि सांगून टाकलं, "या रामनवमीले दीडशे तोळ्याची चांदीची प्रभावळ माह्याकडून."

रामनवमी दीड महिन्यावर होती. पंचांनी "वा" म्हटलं, पुजाऱ्याने तिथेच सुतळीने मूर्तीची रुंदी मोजली. मामांनी आयुष्यात गावाला दिलेला तो पहिला मोठा शब्द. दुसऱ्या दिवशी बाजारात लोक त्यांना रामराम करताना थोडे जास्त वाकले, असं ते सांगत. मी मोजलं नाही, पण असेलही.

मामी मात्र वाकल्या नाहीत.

साहेबाच्या तोंडातून आलेली वस्तू म्हणून त्यांनी पेटी घरात घेतलीच नाही. मागच्या दारी न्हाणीजवळ सगळा ऐवज राखेने घासला आणि बंबातलं उकळतं पाणी गंगाळात ओतून त्यात बुडवला. मी रविवारी सकाळी गेलो तेव्हा मामी गंगाळाशी उभ्या होत्या. एक चमचा पाण्यात उभा, दांडी वर. त्यांनी दांडी दोन बोटांत धरली आणि तशीच धरून राहिल्या.

"हे चांदी नाही," त्या म्हणाल्या.

मामा ओसरीवरून ओरडले, "काऊन?"

"काऊन म्हणजे? हात भाजत नाही म्हणून. चांदीच्या वाटीत गरम दूध घाला अन् पाह्या धरून. बोटं सोडावी लागतात. हे पाहा, किती वेळची धरून उभी हाय."

त्या देवघरातली संध्येची चांदीची पळी घेऊन आल्या आणि तीही त्याच पाण्यात उभी केली. मला म्हणाल्या, "धर."

मी धरली आणि सोडली. चटका बसला. मग साहेबाच्या चमच्याची दांडी धरली. ती कोमट होती.

एवढा उघड पुरावा हातात असताना मी काय म्हणालो, ते लिहायला हवं. मी म्हणालो, "मामी, चौऱ्याऐंशी टंचात सोळा भाग तांबं असतं. त्यामुळे फरक पडत असेल."

मामींनी माझ्याकडे पाहिलं. "तांब्याचा तांब्या गरम पाण्यानं भाजत नाही का रे? बंब कायचा हाय मंग?"

मामा आता मागच्या दारी आले होते. "बाईमाणसाच्या बोटानं चांदी पारखतात का कुठं? आकडा छापेल हाय त्याच्यावर!"

"लावता पैज?"

"पाच रुपये!" मामा म्हणाले.

"अन् या हिशोबनीसाचे?"

माझी ख्याती पणाला लागली होती. मीही पाच म्हणालो.

त्याच आठवड्यात मामा दोन चमचे घेऊन तिसऱ्याच एका सराफाकडे गेले. मी सोबत होतो. सराफाने भिंगातून ठसा पाहिला आणि मधलं चित्र समईचं आहे म्हणाला. मग कसोटीवर चमचा हलकाच घासला, त्याच्या शेजारी आपल्याकडच्या चांदीच्या दोन-तीन रेघा ओढल्या आणि भुवया वर केल्या.

"मामासाहेब, ये तो चोख हाय. चौऱ्याऐंशी कायची? अठ्ठ्याण्णवच्या वर जाईन."

मामांची छाती फुगली. सराफ म्हणाला, "छिन्नीनं एक कापून पाहू द्या, मंग पक्कं सांगतो." मामांनी चमचे ओढून घेतले. "देवाची चांदी हाय. आख्खी आली, आख्खीच भट्टीत जाईन. पाडव्याच्या मुहूर्तावर."

मामा खुशीत घरी गेले. मला मात्र खटकायला लागलं. माल अठ्ठ्याण्णवचा आणि छाप चौऱ्याऐंशीचा? आमच्या बाजारात ऐंशीचा माल नव्वदला विकणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. उलट करणारा एकही पाहिला नव्हता. मामांना विचारलं तर म्हणाले, "सायेब लोक इमानदार राह्यतात. कमीच सांगतात." एवढी इमानदारी माझ्या हिशोबात बसेना.

शनिवारी कचेरी लवकर सुटली. मी मामांकडे गेलो आणि न्हाणीच्या कट्ट्यावर बसून पेटीतली प्रत्येक वस्तू उलटी केली. एकूण सदतीस. मोठे चमचे आणि काटे, चोवीसच्या चोवीस, ८४. लहान चमचे, बारा, आकडा २४. मोठा डाव, एक, आकडा १२.

टंच चमच्याच्या लांबीप्रमाणे बदलत नाही. एकाच पेटीतली, एकाच कारागिराची चांदी मोठ्या चमच्यात चौऱ्याऐंशी, लहानात चोवीस आणि डावात बारा होऊच शकत नाही. आकडा टंचाचा नव्हता. मग कशाचा? एवढं कळलं की तो वस्तूच्या आकाराबरोबर आणि संख्येबरोबर चालतो. माझं एकशे सोळा रुपये पावणेसात आण्यांचं उत्तर एका खोट्या आकड्यावर उभं होतं, आणि त्या उत्तरावर मामांचा शब्द, आणि त्या शब्दाच्या मापाने पुजाऱ्याची सुतळी.

"काय रे, भाजलं का?" मामींनी आतून विचारलं.

मी मामांना लगेच काही बोललो नाही. अर्धवट बातमी देणं मला आवडत नाही. आमच्या कचेरीत महिन्यातून एकदा जळंबकडून एक म्हातारा फ्रेंच पाद्री येत असे, मिशनच्या जमिनीच्या साऱ्याच्या कामासाठी. तीस वर्षं तो खेड्यापाड्यांत राहिला होता आणि मराठी त्याने तिथल्या लोकांकडूनच उचलली होती. पुण्याकडून बदलून आलेले आमचे एक साहेब त्याची भाषा ऐकून तोंडाला रुमाल लावत. मी एक मोठा चमचा, एक लहान आणि डाव रुमालात बांधून कचेरीत ठेवून दिले. जवळजवळ तीन आठवड्यांनी तो आला. मी रुमाल सोडला.

त्याने चष्मा कपाळावर चढवला, चमचा डोळ्याला भिडवला आणि खुदकन हसला.

"कोणं घेतले बापा हे?"

"आमच्या मामांनी."

"चांदीचे समजून?"

त्याने मला जवळ ओढलं आणि नखाने ठसा दाखवला.

"हे पाहा. आमच्या मुलखात कायदा हाय. भांडं आख्खं चांदीचं असंन, तं कारागिराचा ठसा असा तिरपा राह्यते. तुमच्याकडं दिवाळीले करतात ना, शंकरपाळे? तसा. अन् त्याच्यासंगं सरकारचा एक छाप, टोप घातलेल्या बाईचं डोस्कं. इथं डोस्कं दिसते का?"

"नाही."

"ठसा कसा हाय?"

"चौकोनी."

"चौकोनी म्हणजे वरून मुलामा. अंदर पांढरी धातू, जर्मन सिल्व्हरवानी. भाकरीले वरून लोणी फासलं तं भाकर लोण्याची होते का?"

"मग चौऱ्याऐंशी?"

"बारा चमचे अन् बारा काटे, मिळून चोवीस नगाले किती ग्रॅम चांदी चढवली, तो आकडा. लहान्या डझनाले चोवीस ग्रॅम. डावाले बारा."

मला इतका आनंद झाला की क्षणभर मामांचा विसर पडला. आकडा जुळला होता! चौऱ्याऐंशी, चोवीस आणि बारा: एकशे वीस ग्रॅम. आपले सव्वादहा तोळे. सत्तरच्या भावाने सात रुपये तीन आणे. कसोटीने अठ्ठ्याण्णव का दाखवलं तेही उलगडलं, वरचा पापुद्रा चोखच होता, आणि कसोटीला पापुद्र्याच्या आतलं दिसत नाही. मग ब्याण्णवमधून सात रुपये तीन आणे वजा केले आणि आनंद ओसरला.

"मधलं चित्र कशाचं?" मी विचारलं. "मामा मोर म्हणतात, सराफ समई म्हणतो."

"कोंबडा," पाद्री म्हणाला. "चांगला माल हाय बरं. चौऱ्याऐंशी म्हणजे जाड मुलामा. जेवाले बसणाऱ्याले याची किंमत हाय, वितळवणाऱ्याले नाही. तुमच्या मामाले सांगा, भट्टीत नका टाकू."

संध्याकाळी मी मामांना सगळं सांगितलं. अनुक्रमाने सांगितलं: वजन, आकडे, ठसा, बेरीज. मामींनी एकही टोमणा मारला नाही, यावरूनच प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं. पाडवा आता दहा-बारा दिवसांवर आला होता. मामा शेवटी म्हणाले, "गावाले काय सांगू? रामाले काय सांगू?"

"रामाले ठाऊक हाय," मामी म्हणाल्या. "गावाचं पाहा. अन् मधी चित्र कायचं निघालं म्हणतं रे?"

"कोंबड्याचं," मी म्हणालो.

मामींनी पदर तोंडाला लावला. "म्हणजे काय खाल्लं ते चमच्यावरच लिहून ठेवलं होतं की हो! अन् तुम्ही त्याची प्रभावळ करून राह्यले होते!"

मामा आधी रागावले. मग त्यांच्या मिशा हलल्या. मग ते इतके हसले की त्यांची पाठ धरली, आणि मला आठवलं की लिलावाला आम्ही खुर्ची घ्यायला गेलो होतो.

पाद्र्याचं वाक्य माझ्या डोक्यात होतं: जेवायला बसणाऱ्याला याची किंमत आहे. चौकशी केली तर कळलं की त्याच बंगल्यावर नवा साहेब आला आहे, आणि जुन्याने सगळं विकून टाकल्यामुळे डाकबंगल्यातून मागून आणलेल्या दोन चमच्यांवर जेवतो आहे. मी इंग्रजीत एक पत्र लिहिलं. त्यात साफ लिहिलं की वस्तू मुलाम्याच्या आहेत, ठसा चौकोनी आहे, आणि कोणत्या डझनाला किती ग्रॅम ते असं असं आहे. मामा म्हणाले, "एवढं खरं काऊन लिहितं?" मी म्हणालो, "खोट्या आकड्यावर एकदा बोली लावली तेवढी पुरे."

साहेबाने ऐंशी रुपये देऊ केले. तोच खानसामा पेटी न्यायला आला, आणि या वेळी आम्ही त्याला हसण्याचं कारण विचारलं. तो म्हणाला, "बाबूजी, तुम्ही चमचे तोलले ना, म्हणून. चमचे कोणी तोलते?"

पेटी देताना मामींनी लहान चमच्यांतला एक काढून घेतला. "हा मी ठेवते. गरम शिकेकाई ढवळाले. यानं हात भाजत नाही."

"मामी, डझन मोडतो," मी म्हणालो.

"मोडू दे."

मी साहेबाला चिठ्ठी पाठवली की लहान नग अकरा आहेत. त्याने एक रुपया कापला. हाती आले एकोणऐंशी. मामांनी त्यातला पैसाही घरात नेला नाही. सरळ सराफ्यात जाऊन शंभर तोळे चांदी घेतली, छिन्नीने कापून पाहिलेली. तिचे सत्तर रुपये आणि सोनाराची मजुरी नऊ. पहिल्याच दिवशी ब्याण्णव रुपये घेऊन बाजारातून चांदी घेतली असती, तर मजुरी जाऊन एकशे अठरा तोळ्यांची प्रभावळ झाली असती. हे मी मामांना सांगितलं. त्यांनी माझ्यासाठी एक शब्द वापरला, तो इथे लिहीत नाही.

आता राहिला गावाला दिलेला शब्द. दीडशे म्हटले होते, शंभर झाले. मामांना रात्रभर झोप नव्हती असं मामी म्हणाल्या. मी सुचवलं की प्रभावळीचं वजन कोणी विचारणार नाही. मामा म्हणाले, "विचारलं नाही तं मी सांगीन."

रामनवमीला देऊळ भरलं होतं. जन्माच्या आधी मामा पंचांसमोर उभे राहिले आणि पहिल्यापासून सांगायला लागले: लिलाव, आकडा, कसोटी, पाद्री. एका जागी माझ्याकडे बोट दाखवून "अन् हा माह्या हिशोबनीस" म्हणाले, ते मला टाळता आलं असतं तर बरं झालं असतं. कोंबड्यापाशी लोक इतके हसले की पुजाऱ्याला घंटा वाजवावी लागली. मामांनी शेवटी हात जोडले. "दीडशे बोललो होतो. शंभर हाय. मूर्तीच्या खांद्यापर्यंतच येते. पन्नास तोळ्याचा मी देणेदार."

पंचांत सगळ्यांत म्हातारा होता तो हसू आवरून काही बोलणार, तेवढ्यात बायकांच्या बाजूने मामींचा आवाज आला. तो त्यांनी हळू ठेवला होता असं त्यांचं म्हणणं आहे.

"आता घटकाभरात जन्मणार हाय लेकरू. त्याले केवढी लागते प्रभावळ?"

पुन्हा हशा झाला, पण आता तो मामांवर नव्हता. म्हाताऱ्या पंचाने प्रभावळ हातात घेतली, जोखल्यासारखी वरखाली केली आणि म्हणाला, "पुरे हाय. देणं-घेणं मिटलं." बारा वाजता जन्म झाला, आणि प्रभावळ लागली. पितळीपेक्षा ती लहान होती हे खरं. पण मामा घरी येईपर्यंत तीनदा थांबले आणि तीन वेगवेगळ्या माणसांनी त्यांना कोंबड्याची गोष्ट पुन्हा सांगायला लावली.

संध्याकाळी मामींनी ओसरीवर पाट मांडला, त्यावर बसल्या आणि तळहात पुढे केला. मामांनी पाच रुपये ठेवले. मी पाच रुपये काढले, पण रीत म्हणून म्हणालो की शिकेकाईच्या चमच्यापायी कापलेला एक रुपया या दहातून वजा व्हायला हवा. मामींनी हात मागे घेतला नाही. मी पाचही ठेवले. एकूण दहा रुपये, पैजेचे, मामींना पोचते. वजावट नाही. पावती मागितली, ती मिळाली नाही.